शोभेला मांडलेलं औषध

शहादेवला बाजेवर घालून दवाखान्यात आणलं तेव्हा त्याच्या तोंडातून फेस गळत होता. मजुरीनं कपाशी फवारताना वारं फिरलं आणि सगळं विष त्याच्या अंगावर आलं. डॉक्टरांनी विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. त्याची बायको विमलबाई हात जोडून उभी होती. तिला ते म्हणाले, "छाती मोकळी होईपर्यंत हे देत राहावं लागेल."

फार्मासिस्ट धनश्री औषधांच्या कपाटाकडे धावली. कप्प्याच्या तळाशी थोडंच उरलं होतं. बाकी सगळा उतारा अधीक्षकांनी सकाळीच मांजरसुंब्याला धाडला होता. तिथं पुढारी विजयसिंह यांच्या वाढदिवसाचं आरोग्य शिबिर होतं आणि मोठे पाहुणे येणार म्हणून औषधांची पेटी भरलेली दिसायला हवी होती. धनश्रीनं तेव्हाच विरोध केला होता.

तिनं अधीक्षकांना फोन लावला.

"कार्यक्रम संपला की पाठवतो," ते म्हणाले.

"सर, तोवर माणूस जाईल!"

फोन कट झाला. उरलेली इंजेक्शनं डॉक्टरांच्या हातात देऊन तिनं स्कूटी काढली.

मांडवात भाषण रंगात आलं होतं. पेटी स्टेजसमोरच्या टेबलावर, हारतुऱ्यांच्या मधोमध ठेवलेली. तिनं ती उचलली तसा सुग्रीव नावाचा कार्यकर्ता आडवा आला.

"ओ मॅडम, भाषण चालू हाय. जरा दम धरा."

"ज्याचा दम तुटायलाय, त्याला जाऊन सांग!" धनश्री ओरडली. "तिकडं माणूस मरायलाय अन् त्याचं औषध तुमी शोभेला मांडलंय!"

भाषण थांबलं. पुढच्या बाया उठून बाजूला झाल्या आणि त्यांनी तिला वाट करून दिली.

दिवस मावळता शहादेवचा श्वास सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह सफरचंदांची पिशवी आणि फोटोग्राफर घेऊन वॉर्डात आले. "आमच्या शिबिरातल्या औषधानं वाचला गडी!"

विमलबाईनं पिशवी त्यांच्याच हातात परत दिली. "औषध दवाखान्याचं व्हतं. तुमी कशापायी नेलतं, ते सांगा आधी."

ते पिशवी घेऊन निघून गेले.

दुपारी कार्यक्रमात गोंधळ घातल्याची नोटीस धनश्रीला मिळाली. तो कागद घेऊन ती थेट अधीक्षकांसमोर उभी राहिली.

"ह्याचं उत्तर देईन. पण विषावरची औषधं तातडीच्या खोलीतून बाहेर जाणार नाहीत, असा आदेश आत्ता काढा."

"बघू."

"बघू नाही, सर. आत्ता."

आदेशावर सही होईपर्यंत ती तिथून हलली नाही.