गेटवर ओळख द्यायची नाही

"बॅग."

शीतलने चेन ओढून बॅग पुढे धरली. निळ्या शर्टातल्या लेडी गार्डने आत नजर टाकली. डबा, पुस्तकं, पाण्याची बाटली. मग तिने शीतलच्या गळ्यातलं आयकार्ड पाहिलं. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"जा."

शीतल आत गेली. मागून येणाऱ्या सपनाला मात्र गार्डने अडवलं, कारण तिच्या टॉपला बाह्या नव्हत्या. सपनाने कुरकुरत बॅगेतलं जॅकेट काढून अंगात घातलं, आत आल्याबरोबर उतरवलं आणि परत कोंबलं.

"ही आंटी ना, डोक्यात जाते यार," ती शीतलला म्हणाली. "हिला स्वतःला पोरगी नसणार, लिहून घे."

त्या आंटीला पोरगी होती, आणि ती सपनाच्या बाजूने जिना चढत होती.

राधा खरात आधी भांडुपच्या एका मॉलवर गार्ड होत्या. गणपतीच्या सुमारास सिक्युरिटी एजन्सीने त्यांची साइट बदलली आणि नेमकं मुलुंडचं हे कॉलेज दिलं. शीतल तिथे दुसऱ्या वर्षाला होती. कांजूरमार्गच्या त्यांच्या घरात ही बातमी आली तेव्हा शीतलचे वडील, गुणाजी, खूश झाले. "बरं झालं की. मायलेकी सोबत जा, सोबत या."

आई मात्र खूश नव्हती. तिने चपाती तव्यावर टाकली आणि पाठमोरीच बोलली, "गेटवर मी तुला ओळखत नाय. तू मला ओळखायचं नाय. कुणाला सांगायचं पण नाय. त्या सपनाला पण नाय."

"का? मला काय लाज वाटते का तुझी, मम्मी?"

"लाजेचं कोण बोललं? साइटवर नातेवाईक असलेला एजन्सीला चालत नाय. मॉलमध्ये एका गार्डचा भाचा दुकानात कामाला निघाला, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला त्याला. कॉलेजला फरक पडत नसेल. चंद्रप्रकाशला पडतो." चंद्रप्रकाश म्हणजे एजन्सीचा सुपरवायझर. आईने चपाती उलटली. "आणि मला ही साइट पाहिजे. सावली आहे, बसायला खुर्ची आहे, बायकांचा संडास आहे. मॉलमध्ये गार्डला संडास वापरू द्यायचे नाय, मी दिवसभर पाणी प्यायचे नाय, माहिताय ना तुला?"

शीतलला माहीत होतं. तिने मान हलवली.

पहिले काही दिवस सकाळी गेट दिसलं की तिची पावलं मंद व्हायची. आपल्याच आईसमोर बॅग उघडायची आणि अनोळखी असल्यासारखं पुढे जायचं. पण मग एक वेगळीच गोष्ट झाली. इतकी वर्षं आई उजाडायच्या आत ड्युटीला निघायची आणि दिवेलागणीनंतर परतायची. लेक कॉलेजला काय घालून जाते, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता ती रोज बघत होती.

आणि बघण्यासारखं होतं. स्टेशनबाहेर एक्स्पोर्टचे नाकारलेले कपडे मिळायचे. ते आणून शीतल घरच्या मशीनवर उसवायची आणि आपल्या मापाने, आपल्या मनाने पुन्हा शिवायची. पप्पांच्या चौकड्याच्या शर्टाचा तिने आखूड टॉप केला होता. आईच्या जुन्या निळ्या साडीचा बिनबाह्यांचा लांब ड्रेस केला होता, त्याला बाजूला खोल खिसे होते. मुली विचारायच्या, कुठून घेतलास? ती म्हणायची, "घेतला नाय, केला." हे तीन शब्द म्हणताना तिची मान आपोआप वर व्हायची.

आई संध्याकाळी भाजी निवडता निवडता मध्येच बोलायची. "त्या निळ्याला मागून सुरकुती पडते." किंवा, "आज बरी दिसत होतीस. त्या मोठ्या घरच्या पोरींमध्ये पण उठून दिसतेस." एवढंच. पण शीतल दिवसभर त्याची वाट बघायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नोटीस लागली. बिनबाह्यांचे कपडे, फाटक्या जीन्स, आखूड टॉप बंद. कुणा पालकाने तक्रार केली होती म्हणे. मुलींना गेटवरच अडवायचं, आणि ते काम लेडी गार्डचं.

त्या रात्री शीतलनेच आपले कपडे घडी करून पलंगाखालच्या सुटकेसमध्ये ठेवले आणि लांब बाह्यांचे दोन कुर्ते बाहेर काढले. आईने आपल्याला अडवावं, ही वेळ तिला आणायची नव्हती.

"तुझं काय झालंय?" सपनाने विचारलं. "एकदम काकूबाई?"

"थंडी वाजते."

"मुलुंडमध्ये?"

संध्याकाळी आई भाजी निवडायची, पण कपड्यांचा विषय निघायचा नाही. कुर्त्यांबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं.

गेटवर रोज कटकट व्हायला लागली. मुलींनी गार्डचं नाव 'जॅकेट आंटी' ठेवलं. एकदा कँटीनमध्ये सपनाने तिची नक्कल केली. कमरेवर हात, पुढे काढलेली हनुवटी, आणि तो कोरडा आवाज, "बॅग." अख्खं टेबल हसलं. आपण हसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, म्हणून शीतलही हसली. त्या दिवशी घरी आईच्या पाठीला बाम लावताना तिला आईच्या समोर बसावं लागलं नाही, याचंच तिला बरं वाटलं.

जानेवारीत परीक्षा सुरू झाली. पहिल्याच पेपरला शीतल आणि सपना दोघींना उशीर झाला. रिक्षातून उतरून धावत आल्या तेव्हा गेटवर गर्दी होती. सपनाच्या टॉपला बाह्या नव्हत्या आणि जॅकेट घरी राहिलं होतं.

"जॅकेट?" राधाबाईंनी विचारलं.

"नाहीये आज. पेपर आहे, सोडा ना."

"ऑफिसात ओढणी ठेवलीय. थांब, आणून देते. ती घे आणि जा."

"शंभर जणींनी वापरलेली ओढणी मी नाही घेणार," सपना म्हणाली आणि त्यांच्या बाजूने आत घुसली.

राधाबाईंनी तिचं मनगट धरलं. सपनाने जोरात हिसका दिला. खांद्यावरची बॅग घसरली, बॅगेचा पट्टा टॉपच्या बंदात अडकला होता, तो बंदच तुटला. सपनाने दोन्ही हातांनी टॉप छातीशी धरला. पाचसहा मोबाईल वर झाले.

"हिने माझा टॉप फाडला," सपना रडत म्हणाली. "अंगाला हात लावला माझ्या."

उपप्राचार्या मॅडम आल्या. राउंडवर आलेला चंद्रप्रकाश बाइक तशीच टाकून धावत आला. राधाबाई हात मागे बांधून ताठ उभ्या होत्या.

"मी मनगट धरलं मॅडम. टॉपला हात नाय लावला."

"राधाबाई, वाद नको," चंद्रप्रकाश दबक्या आवाजात म्हणाला. "माफी मागा, हात जोडा, विषय खतम."

"मनगट धरलं त्याची मागते. फाडल्याची नाय मागणार. मी फाडलं नाय."

"मग उद्यापासून येऊ नका."

"कोणी पाहिलं का नक्की काय झालं?" मॅडमनी गर्दीकडे बघून विचारलं.

घंटा वाजली. गर्दी भराभर पांगायला लागली. शीतल जागच्या जागी उभी होती. तेवढ्यात आईने तिच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत गेटवर पहिल्यांदा. आणि कुणाला दिसेल न दिसेल अशी मान हलवली. बोलू नको. पेपरला जा.

शीतलने एक पाऊल वर्गाच्या दिशेने टाकलंही.

"मी पाहिलं," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की मॅडमनी पुन्हा विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. मनगट धरलं हेही सांगितलं, हिसका, बॅग, अडकलेला पट्टा. सपना तिच्याकडे बघतच राहिली.

चंद्रप्रकाशने शीतलच्या आयकार्डाकडे वाकून पाहिलं. "शीतल गुणाजी खरात," त्याने वाचलं. मग राधाबाईंच्या छातीवरच्या नेमप्लेटकडे पाहिलं. "ही कोण तुमची?"

राधाबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"माझी मम्मी आहे," शीतल म्हणाली.

"बघा मॅडम," चंद्रप्रकाशने हात पसरले. "आईसाठी पोरगी बोलणारच. ही कसली साक्ष?"

मॅडमच्या चेहऱ्यावरही तेच उमटलेलं शीतलला दिसलं. खरं बोलून तिने आईचं उरलंसुरलंही घालवलं होतं. कुणीतरी तिच्या खांद्याला धक्का देऊन पेपरला पळालं.

"पट्टा अडकला असेल," सपना हळूच म्हणाली. ती खाली बघत होती. "मला नीट कळलं नाही तेव्हा. तसंच झालं असेल."

"असेल की झालं?" मॅडमनी विचारलं.

"झालं."

मॅडमनी सुस्कारा सोडला, दोघींना पेपरला जायला सांगितलं आणि शिपायाकरवी सपनाला ओढणी दिली. तिने ती घेतली. वळताना शीतलने ऐकलं, चंद्रप्रकाश म्हणत होता, "ते ठीक आहे राधाबाई. पण नातेवाईक साइटवर आहे हे तुम्ही लपवलंत. ते मी नाही सोडू शकत."

पेपरात काय लिहिलं ते शीतलला नंतर आठवेना. बाहेर आली तेव्हा आईच्या खुर्चीवर एक पुरुष गार्ड बसला होता.

घरी आई चहा गाळत होती. "मी मान हलवली होती ना?"

"दिसली मला."

"मग कशाला बोललीस?"

"ते तुझ्यावर खोटं घालत होते."

"घालू दे. माझं मी बघितलं असतं." आईने कप तिच्यापुढे सरकवला. गाळणी विसळली. मग म्हणाली, "पेपर सोपा होता का?"

नोकरी गेली नाही, साइट गेली. कांजूरमार्गलाच एका टॉवरचं बांधकाम चालू होतं, तिथलं गेट मिळालं. पत्र्याचं कुंपण, दिवसभर ऊन, आणि बायकांसाठी काही सोय नाही. आईने पाण्याची बाटली पुन्हा घरीच ठेवायला सुरुवात केली.

शेवटच्या पेपरनंतर सपना कँटीनमध्ये शीतलसमोर येऊन बसली. दोघींनी बराच वेळ चहा ढवळला.

"सॉरी," सपना म्हणाली. "तू आधी का नाही सांगितलंस? मी नसते बोलले काही."

"सांगायचं नव्हतं."

"मी नक्कल केली तेव्हा तू पण हसली होतीस."

"हो," शीतल म्हणाली.

सपनाने चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

शनिवारी शीतलने सुटकेस ओढून निळा ड्रेस बाहेर काढला. सकाळी कॉलेजच्या गेटवर नव्या गार्डने जॅकेट घालायला लावलं. त्याने तिच्या खांद्याकडे बोट केलं, चेहऱ्याकडे बघितलंही नाही. दुपारी सुटल्यावर तिने ते जॅकेट काढलं आणि घरी न जाता बांधकामाच्या रस्त्याला लागली.

पत्र्याच्या फाटकाशी एक वयस्कर वॉचमन बसला होता. त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोण पाहिजे?"

ती उत्तर देणार तोच आतून आवाज आला. "माझी पोरगी आहे."

आई पुढे आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, भुवयांवर सिमेंट. "कॉलेजला असते," तिने वॉचमनला सांगितलं. "मुलुंडला. अंगातला ड्रेस तिनेच शिवलाय."

वॉचमन उठला आणि त्याने आपलं स्टूल शीतलपुढे सरकवलं. ती बसली नाही.

तेवढ्यात सिमेंटचा मिक्सर आला. आईने शिट्टी वाजवून फाटकाची साखळी सोडली, गाडी आत घेतली, पुन्हा साखळी लावली. धुरळा उठला आणि सावकाश खाली बसला.

आई लेकीजवळ आली. तिने आपला तळवा आधी पँटला पुसला, मग शीतलच्या उघड्या खांद्यावरची धूळ झटकली. एका खांद्यावरची, मग दुसऱ्या. वॉचमन बघत होता, आत जाणारे दोन मजूरही बघत होते. आईने घाई केली नाही.

"निघ आता," ती म्हणाली. "ऊन आहे."

रस्त्यावर पुढच्या मिक्सरचा हॉर्न वाजला, आणि ती साखळीकडे वळली.