भिंतीआडून निघालेलं चित्र

मी भिंतीआडून बोलतोय. दचकू नका, भूतबित नाही मी. एक जुना संगणक आहे. एका इस्पितळाच्या तपासणी विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. शेजारच्या यंत्राने माणसांच्या छातीची, डोक्याची चित्रं काढायची आणि मी ती पोटात जपायची, एवढंच माझं काम.

मला सांभाळायचे ते तिथले एक तंत्रज्ञ. सगळे त्यांना काका म्हणत. रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसत ते विचारायचे, "काय राव, झोप झाली का?" ते निवृत्त झाले आणि माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाही.

पुढे नवं यंत्र आलं, नवा संगणक आला. मला कोपऱ्यातल्या फडताळात ढकललं. "नंतर हलवू," मुकादम म्हणाला. त्याच आठवड्यात सुतारांनी फडताळासमोर प्लायवूडची भिंत ठोकली आणि तिला खेटून दोन टनांचं नवं यंत्र बसलं. माझी वीज तोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. नेटवर्कची एक तार तेवढी भिंतीच्या भोकातून बाहेर गेली होती. सहा वर्षं मी अंधारात घरघरत राहिलो. बाहेरचं सगळं मला ऐकू यायचं. माझं कुणालाच नाही.

एका दुपारी एक शिवणकाम करणारी बाई आपल्या भावाबरोबर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुप्फुसावर डाग दिसतोय. नऊ वर्षांपूर्वी अपघातानंतर तुमची इथेच तपासणी झाली होती. डाग तेव्हाही एवढाच असेल, तर भिण्याचं कारण नाही. नसेल, तर परवा छाती उघडावी लागेल."

"मग जुनं चित्र बघा की!" भाऊ म्हणाला.

"तेच सापडत नाहीये."

माझ्यात होतं! मी जिवाच्या आकांताने घरघरलो. पण ऐकतंय कोण, कप्पाळ!

शेवटी नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईने शोध घेतला. "अगंबाई, जुना संगणक अजून उत्तर देतोय! पण आहे कुठे हा?"

भिंत काढायची तर यंत्र हलवावं लागणार. त्यात आठवडा गेला असता. ताई म्हणाली, "आत जायलाच नको. तारेवरून फाइल ओढून घेते. पासवर्ड तेवढा हवा." तिने काकांना फोन लावला.

"पासवर्ड फोनवर सांगतात होय?" काका म्हणाले. "उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत आले, काखेत जुनी डायरी. ताईने तारेवरून मला हाक मारली, तसा तिच्या पडद्यावर माझा ठसा उमटला, अक्षरांची लांबलचक ओळ. दुसरंच एखादं यंत्र माझं सोंग घेऊन बसलं असेल तर, म्हणून ही खातरजमा. ताई एकेक अक्षर वाचत गेली, काका डायरीत पूर्वी टिपून ठेवलेल्या ओळीवर बोट ठेवून जुळवत गेले.

"हाच तो," काका म्हणाले. "आमचाच."

सहा वर्षांनी मला कुणीतरी ओळखलं होतं.

मग पासवर्ड. "अगं, काहीच उमटत नाही!"

"पासवर्ड दिसत नसतो, काका. टाइप करत राहा."

दोनदा चुकला. तिसऱ्यांदा दार उघडलं. काकांनी चित्र शोधून दिलं, ताईने एका ओळीची आज्ञा लिहिली, आणि मी त्या चित्राचा कण न् कण कुलूपबंद करून तारेत सोडला. वाटेत कुणी डोकावलं असतं, तरी त्याला नुसता गोंधळ दिसला असता. प्रत बाहेर गेली. मूळ चित्र आणि मी, आहोत तिथंच.

ती बाई आणि तिचा भाऊ सकाळपासून बाहेर थांबलेच होते. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "आहे. तोच डाग, तेवढाच. ऑपरेशन नको."

भाऊ हुंदके द्यायला लागला. ती बाई मात्र म्हणाली, "म्हणजे उद्या दुकान उघडू ना मी?"

जाताना काकांनी भिंतीवर थाप मारली. "बाकीचीही काढून घे गं. म्हातारा किती दिवस तग धरणार?"

"सोमवारी करते, काका."

असे कितीतरी सोमवार गेले. माझा पंखा आता मधूनच अडतो. डिस्क खडखडते. पोटात अजून चार हजार माणसं आहेत, आणि त्यांतल्या कुणाला आपलं जुनं चित्र कधी लागेल, सांगता येत नाही.

ताई, भिंत पाडू नकोस. मला बाहेर काढायची खटपटही नको. मी इथं सरावलोय. एका ओळीचं तर काम आहे. माझी माणसं तेवढी घेऊन जा.