टपाच्या पिना

कोंडिबानं हातोडीचं टोक मोटारीच्या टपाच्या कमानीवर नुसतं टेकवलं, तर ते आरपार गेलं.

"चेअरमनसाहेब, ह्यो सांगाडा न्हाय, गंजाचा पापड हाय," तो म्हणाला.

ही जुनी उघडी मोटार अण्णारावांनी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून आणली होती. भागात होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे ते चेअरमन. आठ दिवसांनी भूमिपूजनाला मंत्री यायचे होते, आणि त्यांची मिरवणूक याच मोटारीतून निघायची होती. कापडी टप पुढं ओढला की सावली, मागं घडी घातला की उघडी गाडी. पण टपाच्या आतला लोखंडी सांगाडा जागोजाग सडला होता.

"भोकांत लांबी भर, वरून रंग मार. एक दिवस निघाला म्हंजे झालं," अण्णाराव म्हणाले.

"घडी घालताना कमान मोडली तर मंत्र्याच्या डोस्क्यात बसंल. करायचं तर नीट करतो."

कोंडिबा सोलापूरच्या गिरणीत वेल्डिंग शिकला होता. ईट गावच्या बौद्ध वस्तीतला तो पहिला दुकानदार, त्यामुळं हातातलं काम कुणी नावं ठेवावीत असं सोडायचा नाही. त्यानं सगळ्या कमानी सुट्या केल्या, तारेच्या ब्रशानं घासघासून चांगलं लोखंड कुठं उरलंय ते शोधलं. सडका भाग कापला, पोकळ नळीत सळई घालून नवा तुकडा जोडला. जाम बिजागऱ्या रॉकेलमध्ये दोन दिवस भिजत ठेवल्या.

वेल्डिंगचा गॅस तयार करायला कारबाईडवर पाणी ओतावं लागायचं. त्र्याहत्तरचा उन्हाळा, विहिरींचे तळ उघडे. ते गढूळ पाणी त्याची बायको पुतळाबाई दीड कोसावरच्या झऱ्यातून वाटीवाटीनं भरून आणायची. पिण्याचं तेवढं सरकारी टँकरचं; तो कुठं पाठवायचा ते अण्णाराव ठरवायचे. आणि टँकर चार दिवस वस्तीत फिरकला नव्हता.

सातव्या दिवशी सकाळी सांगाडा मोटारीवर चढला. बिजागऱ्यांच्या शेवटच्या चार पिना ठोकायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात टँकर दुकानासमोर येऊन थांबला. पुतळाबाई घागर घेऊन धावली. अण्णारावांचा ड्रायव्हर वीरभद्र खाली उतरला, त्यानं टँकरला नळी जोडली आणि मोटारीवर पाण्याची धार सोडली.

"आरं, हे काय करतुयास?" कोंडिबा ओरडला.

"साहेबांनी सांगितलंय. गाडी चकचकीत पायजे."

पाणी चाकांवरून उतरून धुळीत मुरत होतं. पुतळाबाईनं मडगार्डखाली घागर धरली. तिच्या घागरीत मोटारीचा चिखल पडताना कोंडिबानं बघितला. त्यानं वीरभद्रच्या हातातली नळी हिसकावली, टँकरचा कॉक बंद केला आणि चारही पिना खिशात टाकल्या.

थोड्या वेळानं अण्णाराव आले. "पिना ठोक, कोंडिबा. उद्या मंत्री येणारेत."

"टँकर आधी वस्तीत जाऊ द्या."

"तुमच्या वस्तीची पाळी परवा हाय."

"चार दिस परवाच चाललंय! लेकरं शेवाळाचं पाणी पित्यात आन् तुमी मोटार न्हाऊ घालताव? तिला तहान लागलीया व्हय?"

"जास्त बोलू नगं. कारखान्याचं एक काम तुला मिळू देणार न्हाय."

"नगा देऊ!" कोंडिबानं खिशातल्या पिना वाजवल्या. "सांगाडा म्या चोख केलाय. पिनांबिगर टप उघडून बघा, हातात येईल."

तोवर पुतळाबाईनं वस्तीतल्या बायका बोलावून आणल्या होत्या. बनाबाई, विठाबाई आणि आणखी वीसेक जणी रिकाम्या घागरी घेऊन मोटारीभोवती बसल्या. अण्णारावांनी त्यांच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि वीरभद्रला हात केला. टँकर वस्तीकडं वळला.

शेवटची घागर भरल्यावर कोंडिबानं पिना ठोकल्या. टप दहा वेळा उघडला, दहा वेळा मिटवला. कुठं कुरकुरलासुद्धा नाही. अण्णाराव आभाराचा शब्द न काढता गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत टप झकास चालला. मंत्र्यांनी विचारलं तेव्हा अण्णारावांनी काम मुंबईला करून घेतलं असं सांगितलं. ते वीरभद्रनंच नंतर येऊन कोंडिबाला सांगितलं, मान खाली घालून.

मंत्री गेले आणि टँकर पुन्हा बंद झाला. तीन दिवस कोंडिबानं वाट पाहिली. चौथ्या दिवशी त्यानं दुकानाला कुलूप घातलं.

"कुठं निघालाव?" पुतळाबाईनं विचारलं.

"भूमला, तहसीलदाराकडं. ह्या बारीला खिशात पिना न्हाईत, पर तोंड हाय."

पुतळाबाईनं रिकामी घागर डोक्यावर घेतली. "चला. मलाबी बोलायचंय."