किटलीच्या आतली कल्हई

मित्रांनो, आधी नीट बसा. पाठीला पोक नको आणि माझे बोलणे संपेपर्यंत कोणी उठायचे नाही. मी एक पितळेची किटली आहे. अंबरनाथ पूर्वेला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, सुदाम आणि जनाबाई यांच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम आहे. मी जुनी आहे हे मला मान्य आहे. पण मला कोणी अडगळ म्हटलेले खपत नाही.

तांबटाने मला पत्र्यातून घडवले. ठोके खाऊन खाऊन माझे पोट गोल झाले, मग तोटी जोडली गेली आणि वर कडी बसली. सर्वांत शेवटी माझ्या आत कल्हई झाली. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ, रुपेरी थर. तो पितळ आणि आतला पदार्थ यांच्या मध्ये पहारा देतो. बाहेरून कोणाला तो दिसत नाही, म्हणून त्याचे कौतुकही होत नाही. पण भांड्याची खरी अब्रू त्याच्याच हाती असते.

सुदामचे वडील भीमराव कारखान्यात कामाला लागले आणि त्यांना राहायला क्वार्टर मिळाली, तेव्हा त्यांनी मला घरी आणले. त्या दिवसापासून मी या घराचा मान सांभाळला. जयंतीच्या तयारीची बैठक असो, मुलगी पाहायला आलेले पाहुणे असोत की दुःखाला आलेली माणसे असोत, माझ्यावाचून कोणाचे पान हलत नसे. पुढे जनाबाई सून होऊन आल्या आणि माझी कडी त्यांच्या हाती गेली. "चहा प्यावा तर जनाबाईंच्या किटलीतला," असे लोक म्हणत. ते ऐकून मी झाकणासकट ताठ होत असे.

या घराचा एक रिवाज होता. आत आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय परत जायचा नाही. कोणी "नको" म्हटले तर जनाबाई हसून आधण ठेवायच्या. दुसऱ्यांदा "नको" म्हणणारा माणूस रुसला आहे, असेच धरले जायचे. हा रिवाज चांगलाच होता. पण कोणताही रिवाज माणसाकडे न पाहता चालवला की तो जाचक होतो, हे मला पायलमुळे कळले.

पायल या घरची धाकटी सून, माहेर बदलापूरचे. सकाळी ती उल्हासनगरच्या एका लॅबमध्ये काम करते. दुपारी घरी येते आणि चार वाजता इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दहावीच्या मुलींना गणित शिकवते. ज्या मुलींना दुसरीकडे शिकवणी लावता येत नाही, त्या तिच्याकडे येतात. तिच्या लहानपणी बदलापूरच्या वस्तीत एका ताईंनी तिला असेच शिकवले होते. त्या ताई मध्येच नोकरीसाठी दूर गेल्या, वर्ग बंद पडला आणि पायलच्या बरोबरीच्या कित्येक मुलींनी शाळाच सोडली. म्हणून आपला वर्ग कधी बंद पडू द्यायचा नाही, असे पायलने मनाशी पक्के केले होते.

पण तिचे पोट तिच्या मनासारखे वागत नव्हते. कधी मुरडा, कधी फुगारा, कधी एकाएकी धावपळ. रात्री नीट झोप नाही, दिवसा अंगात त्राण नाही. मग जाग यावी म्हणून ती चहा घ्यायची. लॅबमध्ये चहा, मुलींच्या घरी गेली की तिथे चहा, घरी आली की माझ्यातला चहा. नको म्हणायची तिची छाती नव्हती. नवी सून रुसली आहे असे कोणाला वाटायला नको! तिचे पोट बिघडत होते आणि मी मोठ्या अभिमानाने तिच्या कपात चहा ओतत होते.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. त्यांत काही दोष निघाला नाही. "आयबीएस आहे," ते म्हणाले. "आतडी हळवी झाली आहेत. जिवाला धोका नाही, पण जपावं लागेल. तुमच्या बाबतीत चहा-कॉफीतलं कॅफीन पोटाला डिवचतंय. ते थांबवून पाहू."

चहा थांबला. जनाबाईंनी मला धुऊन, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. इतरांचा चहा पातेल्यात होऊ लागला. पायलच्या नजरेसमोर किटली नको, हा त्यांचा विचार. माझा अपमान झाला नाही असे मी म्हणणार नाही.

माळ्यावरून मला घरातले सगळे ऐकू येई. सल्ल्यांना तर ऊत आला होता. खालच्या मजल्यावरचे श्यामकांतराव एक दिवस डबाच घेऊन आले.

"वहिनी, सूनबाईंना ग्रीन टी द्या. तो काय चहा थोडाच असतो?"

"भावजी, डब्यावर टी लिहिलंय, ते काय शोभेला?" जनाबाई म्हणाल्या. "त्यातही तेच कॅफीन असतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय."

"मग एनर्जी ड्रिंक? आमचा नातू पितो. रात्रभर झोपत नाही."

"म्हणूनच तो दिवसभर झोपलेला असतो!"

सुदाम हसले. पण पायलकडे पाहून म्हणाले, "पोरी, तू तर चांगली टवटवीत दिसतेस. एवढं काय झालंय तुला?"

पायल वह्या घेऊन वर्गाला निघाली. चांगले दिसणाऱ्या माणसाने आपला त्रास कोणाला कसा दाखवावा?

वर्गात तिची दशा वाईट होऊ लागली. एकदा तिने तेच उदाहरण फळ्यावर दोनदा सोडवले. एकदा मध्येच पोट आवळून तिला वर धावत यावे लागले आणि मागून मुली खुसखुसल्या. त्या संध्याकाळी ती जनाबाईंजवळ बसली.

"आई, चहा घेतला तर पोट उभं राहू देत नाही. सोडला तर डोळे उघडे राहत नाहीत. परीक्षा जवळ आलीय. माझ्यामुळे मुलींचं नुकसान नको. वर्ग बंद करते."

"बंद करायला तो काय नळ आहे?" जनाबाई ताडकन म्हणाल्या. "थांब जरा. मी बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माळ्यावरून उतरवले. चिंच आणि राख घेऊन मला असे घासले की मी सोन्यासारखी झळकू लागले. मग त्यांनी माझ्यात आल्याचे कोमट पाणी, सैंधव आणि दोन लिंबांचा रस घातला. "यात चहाची पत्तीही नाही. वर्गाला जाताना पी. तरतरी येईल." ते पाणी दुपारभर माझ्या पोटात राहिले.

मला ते आतून झोंबत होते. पण किटलीचे कोण ऐकतो?

पायलने मोठ्या आशेने दोन पेले घेतले. अर्धा तास गेला नसेल, तिला मळमळू लागले, पोटात कळ आली, उलटी झाली. मुलींना घरी पाठवावे लागले. पलंगावर पडून ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता साधं लिंबूपाणीही चालत नाही मला. उद्या मुलींना सांगून टाकते, वर्ग संपला."

जनाबाई उरलेले पाणी ओतायला मोरीशी गेल्या. ओतता ओतता थबकल्या. थेंबभर पाणी त्यांनी जिभेला लावले आणि लगेच थुंकले. मग झाकण काढून मोबाईलच्या उजेडात त्यांनी माझ्या आत पाहिले. कथलाचा थर ठिकठिकाणी गेला होता. पिवळे पितळ उघडे पडले होते.

"अगं पायल!" त्या तिथूनच ओरडल्या. "तुझं पोट नाही गं बिघडलं! पाणी कळकलंय! कल्हई गेलीय किटलीची. आंबट रस पितळेला लागला की त्याचं विष होतं. ही उलटी कोणालाही झाली असती, मलासुद्धा!"

इतकी वर्षे चहाने ते उघडकीस आणले नव्हते; लिंबाने एका दुपारी आणले. जनाबाई मला मांडीवर घेऊन बसल्या. "बाहेरून घाशीत बसले. आत बघितलंच नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी पायलला बरे वाटले, तेव्हा सासू-सुना मला पिशवीत घालून उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या बाजारात गेल्या. तिथे कमलेशभाईंचे भांड्यांचे दुकान आहे. त्यांनी मला वाजवून पाहिले.

"अरे माताजी, ये पीतल अब कौन रखता है? एक्सचेंजमध्ये द्या ना. स्टीलची किटली देतो, एकदम नवी."

माझा जीव तोटीपर्यंत आला. पायलने जनाबाईंकडे पाहिले.

"कमलेशभाई," जनाबाई म्हणाल्या, "घरातल्या थोरल्या माणसांनाही एक्सचेंजमध्ये देता का तुम्ही?"

"नाही हो! माझ्या आईने हे ऐकलं, तर ती मलाच एक्सचेंज करेल." ते हसून उठले. "मागच्या गल्लीत कल्हईवाला आहे. माझं नाव सांगा."

कल्हईवाल्याने मला भट्टीवर धरले. मी लाल होईपर्यंत तापले. नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील वितळले आणि कापसाच्या बोळ्याने त्याने ते माझ्या आत सर्वत्र फिरवले. सोसावे लागले, पण पाण्यात बुडवून वर काढले तेव्हा मी आतून चांदण्यासारखी झाले होते. पायलने झाकण उघडून आत पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आई, बाहेरून केवढी चमकत होती ही. कोणाला कळलं असतं?"

"कोणी विचारलंच नाही, तर कसं कळेल?" जनाबाई म्हणाल्या. मग मला पिशवीत घालत, "तुलाही आम्ही कुठं विचारलं गं? नुसता चहा ओतत राहिलो."

त्या दिवसानंतर जनाबाईंनी सल्ले देणे थांबवून विचारणे सुरू केले. काय चालले, काय नाही चालले, हे पायल स्वतः सांगू लागली. दुपारी पोटभर जेवण्याऐवजी ती थोडे थोडे, पण वेळच्या वेळी खाऊ लागली: कधी मऊ भात, कधी नाचणीची पेज, कधी केळे. जेवणानंतर मैदानाला सावकाश फेरी आणि वर्गापूर्वी डोळे मिटून थोडी पडणे. माझ्यात आता वर्गासाठी आले-जिऱ्याचे कोमट पाणी असते. कोणाला लिंबू हवे असेल तर ते पेल्यात पिळायचे, माझ्यात नाही, हा जनाबाईंचा नवा नियम. चहा सोडल्याची डोकेदुखी हळूहळू ओसरली. झोप लागू लागली आणि मग दिवसाची तरतरी आपोआप परतली.

मित्रांनो, मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. पायल पूर्ण बरी झालेली नाही. काही दिवस पोट रुसतेच. तशा दिवशी ती मुलींना मोकळेपणाने सांगते, "आज माझं पोट ठीक नाही. मी मध्येच उठले तर तुम्ही पुढचं उदाहरण सोडवा." पहिल्यांदा सांगितले तेव्हा पूर्वी खुसखुसणाऱ्या मुलींपैकीच एक उभी राहिली. "ताई, तुम्ही जा. फळा मी बघते." वर्ग बंद झाला नाही. तो आजही चालू आहे.

परवा श्यामकांतराव आले आणि मला पाहून खूश झाले. "वा, किटली परत आली! चहा होऊ द्या मग."

"चहा पातेल्यात आहे, भावजी, हवा तेवढा घ्या," जनाबाई म्हणाल्या. "किटली वर्गाची आहे. आणि आधी सांगा, तुम्हाला चहा चालतो ना?"

श्यामकांतराव खुर्चीत सावरून बसत हळूच म्हणाले, "खरं सांगू का वहिनी? संध्याकाळचा चहा घेतला की मला रात्रभर जळजळतं. पण इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही."

पायलने त्यांच्यासमोर पेला ठेवला. माझे झाकण उघडून, आत एक नजर टाकून, मगच तिने ओतले. आता ती रोज असेच करते.

तर मित्रांनो, माझे सांगून झाले. घरातल्या जुन्या भांड्यांना वेळेवर कल्हई करा. आणि घरात कोणी दमून आले, तर त्याच्या चेहऱ्याची चमक पाहून सगळे ठीक आहे असे धरू नका. कप पुढे करण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, "तुला काय चालेल?" उत्तर पूर्ण ऐका. आता उठलात तरी चालेल.