गुन्हा लहान पडला

समाजाचं शुद्धीकरण तळापासूनच सुरू व्हावं लागतं, असं कल्याणमंत्र्यांनी सभागृहात टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. मग खात्याने तळ शोधायला घेतला आणि बऱ्याच शोधाशोधीनंतर तो सापडला. तळाशी गल्लीतली आत्या होती. मोडक्या खुर्चीवर बसून कांदा चिरत होती.

नवा नियम सुटसुटीत होता. किरकोळ गुन्ह्यात ज्याला शिक्षा होईल त्याचा सरकारी भत्ता वर्षभर बंद. किरकोळच का, असं एका आगाऊ वार्ताहराने विचारलं. मंत्री प्रेमळ हसले. "मोठे खटले अजून चालू आहेत. न्यायालयापुढच्या गोष्टींवर मी बोलत नाही." त्यातले काही खटले त्यांच्या स्वतःवरच होते, पण स्वतःबद्दल बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आत्या खरं तर भाच्याचीच आत्या. पण तो जिन्यातून एवढ्या मोठ्याने हाक मारायचा की हळूहळू ती सगळ्या गल्लीची आत्या झाली. तिचा जन्म सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेला, वाफेत आणि जंतुनाशकाच्या उग्र वासात. चादरी लख्ख निघाल्या, फुप्फुसं तेवढी कामातून गेली. मग सरकारने आजारभत्ता दिला आणि भत्त्यातून प्राणवायूच्या यंत्राचं भाडं जायला लागलं. यंत्र पलंगाशेजारी घुरघुरत असायचं. आत्या त्याला जावईबापू म्हणायची. "दिवसभर घोरतात, वीज खातात, पण काही बोलायची सोय नाही. रुसले तर माझंच मरण."

उभं राहून स्वयंपाक करताना तिला धाप लागे. एके सकाळी कोपऱ्यावरच्या कचरापेटीशेजारी कुणीतरी लंगडी खुर्ची टाकलेली दिसली. आत्याने ती दर चार पावलांवर थांबत, तिच्यावरच टेकत घरी आणली. भाचा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याने पायाला पट्टी ठोकली आणि आत्या ओट्यापाशी राणीसारखी बसली.

पालिकेच्या कायद्यात मात्र कचऱ्यात टाकलेली वस्तू पालिकेची मालमत्ता होते. त्यामुळे खुर्ची फेकणारा स्वच्छताप्रिय नागरिक ठरला आणि उचलणारी चोर. कचरा निरीक्षकाने आत्याला रस्त्यात पाहिलं होतं. त्याला महिन्याकाठी काहीतरी पकडून दाखवावं लागे.

"आत्या, कोर्टात गप्प राहा," भाच्याने बजावलं होतं. "मी बोलतो."

पण आत्याच्या माहेरी एक रीत होती. एका खोलीत दहा माणसं राहायची. भांडण लांबवणं परवडायचं नाही. म्हणून चूक कुणाचीही असो, एकाने चटकन म्हणायचं, चुकलं माझं. की लगेच दुसऱ्याने म्हणायचं, नाही गं, माझंच चुकलं. दोघांनी म्हटलं की भांडण मिटलं, कंदील मालवून झोपायचं. या रीतीवर आत्याचं घर चाललं, संसार चालला, धुलाईखान्यातल्या मुकादमाशीसुद्धा निभावलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"चुकलं माझं, साहेब," आत्या म्हणाली आणि त्यांच्याकडे मोठ्या आशेने बघत उभी राहिली.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणखी काही सांगायचंय?"

"माझं झालं. आता तुमचं राहिलंय."

भाच्याने कपाळावर हात मारला. दंड झाला, तो त्याने तिथेच भरला. खुर्ची पुरावा म्हणून जप्त झाली आणि काम संपल्यावर पालिकेने ती नियमाप्रमाणे कचऱ्यात टाकली.

पुढच्या महिन्यात भत्ता आला नाही. यंत्राच्या कंपनीचा माणूस आला. दारातच घुटमळला. "मावशी, मला वाईट वाटतंय हो. पण भाडं थांबलं तर शनिवारी न्यावं लागेल."

"आणि रविवारी मी काय करू?" आत्याने विचारलं. तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. त्या माणसाने चहाही घेतला नाही.

म्हणून शुक्रवारी आत्या आणि भाचा कल्याण कार्यालयात गेले. तिथला साहेब वाईट नव्हता. त्याने आत्यासाठी पाणी मागवलं, पंख्याचा वेग वाढवला आणि सांगितलं की काहीही करता येणार नाही.

"अहो, तिने काय खून केलाय का?" भाचा कडाडला.

"तेच तर!" साहेब हळहळला. "खून केला असता तर प्रश्नच नव्हता. कैद्याचं औषधपाणी तुरुंगाकडे असतं. डॉक्टर, यंत्र, सगळं. पण दंड भरून सुटलेला माणूस मधल्यामध्ये लोंबकळतो. तो त्यांचाही नाही, आमचाही नाही."

"म्हणजे मोडकी खुर्ची उचलली तर श्वास बंद, आणि माणूस मारला तर श्वास फुकट?"

"तुमचा स्वर जरा चढा आहे," साहेब म्हणाला, "पण समजून अगदी बरोबर घेतलंत."

मग भाच्याचा तोल सुटला. एरवी तो चार शब्दांपुढे अडकणारा माणूस. पण त्या दिवशी रांगेतले लोक माना वळवून ऐकू लागले.

"साहेब, शिक्षा झाली ना एकदा? दंड भरला, खुर्ची गेली, भर कोर्टात मान खाली गेली. मग ही दुसरी शिक्षा कुठल्या न्यायाधीशाने दिली? नाव सांगा! हीच खुर्ची एखाद्या बंगलेवाल्याने उचलली असती तर दंड फेकून तो घरी गेला असता. कारण त्याचं बंद करायला तुमच्या हातात काही नाहीच. म्हणजे ही शिक्षा चोरीची नाही, साहेब. ती आजारी असल्याची आहे. गरीब असल्याची आहे. तुमच्या रोग्यांच्या चादरी धूत हिची छाती गेली, आणि तुम्ही हिला शुद्ध करताय?"

कुणीतरी मागून "बरोबर आहे!" म्हणालं. एका म्हाताऱ्याने काठी आपटली. साहेब टेबलाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"माझ्या हातात असतं तर..." तो पुटपुटला. "फक्त मंत्रीसाहेब सूट देऊ शकतात."

"मग चला, आत्ता भेटतो त्यांना!"

"आज नाही भेटायचे. आज कोर्टात त्यांची तारीख आहे."

भाचा मुठी आवळून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आत्याने त्याची बाही ओढून त्याला मागे सारलं, दोन मोठे श्वास घेतले आणि टेबलावर वाकून, शेजारणीला विरजण मागावं तशा आवाजात म्हणाली,

"साहेब, तुम्हाला यातलं कळतं. उद्या संध्याकाळच्या आत उरकेल असा एखादा मोठा गुन्हा सुचवता का? फक्त पळून जावं लागेल असा नको हं. मला दम लागतो."