मासा मी मोडला नाही

मी छिन्नी बोलतेय. टाकी म्हणा, छिन्नी म्हणा, पण मासा हिनं मोडला असं म्हणू नका. माझा शब्द तेव्हा कुणी खरा मानला नाही. मानतील कसा? लोखंडालाही तोंड असतं, हेच कुणाला ठाऊक नाही.

ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यापासून लोहारानं मला घडवलं. बरीच वर्षं एका गवंड्याच्या हाती भिंती फोडल्या. लोक म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. देवपणाचं कौतुक सगळ्यांना! पण प्रत्येक घाव आधी टाकी डोक्यावर झेलते, ते कुणाच्या ध्यानात येतं?

गवंडी थकला, तशी मी त्याच्या बहिणीकडे आले. ती शिवणकाम करते. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना एक वेड आहे. सुट्टी मिळाली की डबे बांधायचे, जुन्या खाणीवर जायचं आणि दगडात मासे शोधायचे. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीचे मासे! गाळात पुरले, गाळाचा दगड झाला, माशाचाही झाला. मैत्रिणींतली एक नर्स. दुसरी एका जागी टिकत नाही म्हणून शाळेपासून तुरतुरी.

तिथला दगड वहीच्या पानांसारखा, थराथरांचा. त्याच्यावर दणके घालायचे नसतात. मला फटीत धरायचं आणि हातोडीनं टकटक करत कडेकडेनं फिरवायचं. दगड आपणहून उघडतो. आत ओलसर असतो, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचा, सावकाश वाळू द्यायचा; एकदम वाळला तर तडकतो. हे नर्स दर खेपेला दोघींना बजावते.

त्या दिवशी दगड शिंपल्यासारखा उघडला. एका पाकळीवर मासा, दुसरीवर त्याचा उलटा ठसा. खवले, काटे, शेपटीचा पंखा, सगळं जागच्या जागी.

"अगं बाई, हा तर आत्ता तळायला घ्यावा असा!" नर्स म्हणाली.

"घे की. दात पडतील तेवढे," मालकीण म्हणाली.

ठरलं, मासा संग्रहालयाला द्यायचा आणि पाटीवर तिघींची नावं लावायची. एक पाकळी मालकिणीनं ओल्या टॉवेलात गुंडाळली. दुसरी तुरतुरीनं फोटो काढायला नेली. बाकीच्या दोघी झाडाखाली जेवायला बसल्या.

तुरतुरी परतली ती रडकुंडीला येऊन. ओंजळीत नुसता चुरा.

"उचलायला गेले नि पापुद्रेच सुटले गं! तुझ्या त्या भिंतफोड्या छिन्नीनं आतून खिळखिळा केला होता."

"छिन्नीनं काही केलेलं नाही," मालकीण म्हणाली.

"मग काय मी केलं? तुझा हातच जड. शिलाई मशीन आहे का ते, दामटवायला?"

नर्सनंही तिचीच री ओढली. "पुढच्या खेपेला तू नुसता डबा घेऊन ये. दगडाचं आम्ही बघू."

घरी येताच मालकिणीनं मला भंगाराच्या डब्यात फेकलं. टॉवेलाचं गाठोडं मशीनखाली सरकवलं, उघडून पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर कापड कापतानाही तिची कात्री थबकायची. आपला हात खरंच जड आहे, असं तिला वाटायला लागलं होतं. मी डब्यात धुमसत होते.

एके दिवशी नर्स कपडे शिवायला टाकायला आली. पाय गाठोड्याला लागला. तिनं ते उघडलं. मासा अख्खाच्या अख्खा!

"एकाच छिन्नीनं दोन्ही पाकळ्या सुटल्या ना?" ती म्हणाली. "घावानं मोडायचं होतं, तर ही कशी धड राहिली?"

तिनं तिथूनच तुरतुरीला फोन लावला. "काय गं, फोटो काढताना दगड कुठं ठेवला होतास?"

"कुठं म्हणजे? गाडीच्या बॉनेटवर. उजेड छान पडत होता."

"भर उन्हात? तापलेल्या पत्र्यावर? ओला दगड?"

पलीकडून तुरतुरीनं फोनच ठेवून दिला.

"चुकलं गं माझं," नर्स मालकिणीला म्हणाली.

"नुसतं चुकलं म्हणून भागायचं नाही. त्या डब्यात हात घाल आणि तिला बाहेर काढ."

आता माझी जागा मशीनच्या खणात आहे, तेल लावलेल्या फडक्यात. खाणीवर मालकीणच मला धरते. माणसांनो, माझ्या डोक्यावर हवे तितके घाव घाला, मी हूं की चूं करणार नाही. पण आळ घालू नका. संग्रहालयात काचेखाली एकच पाकळी दिसेल. दुसरीचा चुरा कुणी केला, हे कुणाला जाणून घ्यायचं असेल तर खुशाल मला विचारा. चारचौघांत सांगेन: तुरतुरीनं!