शिक्क्याची किल्ली

मी रंगूबाई, शाळेची शिपाईबाई. घंटा माझ्याकडं, पाण्याचा माठ माझ्याकडं, आन् शिक्क्याच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेच्या पिशवीत. हेडसर विसरभोळे, म्हणून.

शहाण्णव सालचा जानेवारी. मधल्या सुट्टीत दहावीची पिंकी रडतच आली. "मावशी, काटेवाडीच्या वैष्णवीनं मला तिचा कंपास देऊन टाकला. आता लागणार न्हाय म्हणती. जगायचंच न्हाय म्हणती. कुणाला सांगू नको म्हणाली."

"सांगितलंस ते लई बरं केलंस, बाय माझी," म्हणलं, आन् तशीच त्यांच्या वर्गाच्या मेघनाबाईंकडं पळाले. बाईंनी वैष्णवीला हाताला धरून शिवणाच्या खोलीत नेलं.

हेडसरांच्या कानावर गेलं, तर चेहरा पांढराफटक. "काही झालं तर शाळेचं नाव जाईल! शाळा सोडल्याचा दाखला लिहितो, दुपारच्या एसटीनं घरी पाठवा. रंगूबाई, शिक्का काढा."

असा संताप आला म्हणून सांगू! पोरीचा जीव टांगणीला, आन् ह्यांना नावाची पडलीय! एकटी पोर, हातात शाळेनं काढून टाकल्याचा कागद. घरी पोचली असती का, तुमीच सांगा.

मी पिशवी चाचपली. "सर, किल्ली हरवली वाटतं."

"आत्ता तर होती!"

"व्हती खरी."

बावीस वर्सांत पयल्यांदा सरांशी खोटं बोलले. मग दोघंबी हुडकाय लागलो. सर बिचारे वाकून वाकून बघत व्हते. हुडकत शिवणाच्या खोलीपाशी आलो, तर आतनं बाईंचा आवाज. "वैष्णवी, जीव द्यावासा वाटतोय का तुला?"

मी सरांची बाही धरून त्यांना थांबवलं.

"व्हय, बाई. लई दिस झालं."

"बरं झालं सांगितलंस. तुझी आई येईपर्यंत मी इथून हलणार नाही. डॉक्टरांकडंही मी येते तुमच्याबरोबर."

मग पोर अशी रडली, अशी रडली! सर भिंतीला टेकून उभे राहिले. हळूच म्हणले, "किल्ली राहू द्या. नागेश सरांना मोटारसायकलवर काटेवाडीला धाडा. तिच्या आईला घेऊन या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी किल्ली आपसूक घावली.

वैष्णवीचं बारामतीला औषध चालू झालं. पिंकीनं कंपास परत दिला, त्याच कंपासानं वैष्णवीनं परीक्षा दिली. जूनमधी पास होऊन कॉलेजसाठी दाखला न्यायला आली, आईसंगं. सरांनी खणातनं जानेवारीतला बिनशिक्क्याचा दाखला काढला, फाडला, नवा लिहिला. मी शिक्का आणून दिला.

ती गेल्यावर सर म्हणले, "रंगूबाई, त्या दिवशी किल्ली होती तरी कुठं?"

"कमरेलाच, सर."

"बरं झालं," म्हणले, आन् कितीतरी येळ चष्मा पुसत बसले.